हा डाग खरा कशावरून?

(पडद्यावर दोन करड्या प्रतिमा शेजारी शेजारी. खाली नावं नाहीत.)

या दोन प्रतिमा नीट पाहा. दोन्ही करड्या, दोन्हींवर बारीक ठिपक्यांची दाटी, आणि दोन्हींच्या मधोमध एकेक काळाभोर डाग. डावीकडची आहे पोटाची सोनोग्राफी, उजवीकडची उपग्रहावरच्या रडारने टिपलेली जमीन. डावीकडचा डाग म्हणजे भरलेलं पित्ताशय, उजवीकडचा म्हणजे पुराचं पाणी.

एक प्रतिमा घेताना यंत्र त्वचेला टेकलेलं होतं. दुसरी घेताना ते जवळपास ७०० किलोमीटर उंचीवर होतं. तरी ठिपके सारखेच. कारण दोन्हीकडे लहरी पाठवल्या जातात आणि परत आलेल्या लहरींवरून चित्र तयार होतं. चित्रातल्या एकेका पिक्सेलएवढ्या जागेत लहरी परतवणाऱ्या असंख्य बारीक गोष्टी असतात. त्यांच्याकडून आलेल्या लहरी कुठे एकमेकींत मिळून वाढतात, कुठे एकमेकींना मारून टाकतात. त्यातून हे ठिपके उमटतात. दोन्ही शाखांत त्यांना स्पेकल म्हणतात. जाँग-सेन ली यांनी १९८० च्या सुमारास रडारच्या चित्रांतला स्पेकल निवळण्यासाठी एक फिल्टर मांडला. त्याच धर्तीचे फिल्टर पुढे सोनोग्राफीच्या संशोधनातही वापरले गेले.

आता त्या काळ्या डागांकडे या. दिसायला ते सारखे, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. पित्ताशय काळं दिसतं कारण आतल्या द्रवात ध्वनी परतवणारं काहीच नसतं. पुराचं पाणी काळं दिसतं कारण सपाट पाण्यावरून रडारच्या लहरी घसरून पलीकडे निघून जातात, उपग्रहाकडे येतच नाहीत. म्हणून डांबरी धावपट्टीसुद्धा रडारला पाण्यासारखी काळी दिसू शकते. वारा सुटून पाण्यावर लाटा उठल्या, की तेच पाणी उजळ दिसायला लागतं. आणि झाडांच्या खोडांमध्ये पाणी शिरलं असेल, तर लहरी पाण्यावरून खोडावर आणि खोडावरून परत अशा दोनदा आपटून येतात. मग पूर असलेली जागा कोरड्या जागेपेक्षाही उजळ दिसते.

एखादं संगणकी मॉडेल हजारो चित्रं पाहून ‘काळं म्हणजे पाणी’ एवढंच शिकलं, तर ते धावपट्टी बुडवून टाकेल आणि बुडालेलं जंगल कोरडं दाखवेल. हे ओळखायला लहरींचं भौतिकशास्त्र कळावं लागतं, जमिनीची माहिती लागते आणि मॉडेल आतून कसं चालतं तेही ठाऊक असावं लागतं. वैद्यक, दूरसंवेदन (उपग्रहांवरून पृथ्वी पाहणं) आणि संगणन या तीन शाखा विद्यापीठात वेगवेगळ्या इमारतींत बसतात. त्यांच्यातला प्रश्न मात्र एकच आहे : चित्रात दिसतंय ते खरं कशावरून? आणि तो प्रश्न वेळ काढून, हट्टानं विचारत बसण्याची मोकळीक विद्यार्थ्याइतकी क्वचितच कुणाला असते.

(जुन्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारा स्वादुपिंडाचा छेद. फिकट पेशींचे पुंजके.)

१८६९. बर्लिन. पॉल लँगरहान्स हा वैद्यकाचा विद्यार्थी डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी स्वादुपिंडाचे छेद पाहत होता. त्याला आजूबाजूच्या पेशींहून वेगळे, फिकट पेशींचे छोटे पुंजके दिसले. त्यानं त्या पुंजक्यांचं वर्णन लिहून ठेवलं, आणि या पेशींचं काम काय असावं ते आपल्याला सांगता येत नाही, हेही लिहिलं. वय जेमतेम २१. ते पुंजके इन्शुलिन तयार करतात, हे कळायला अर्धं शतक जावं लागलं. आज त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात. मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यानं अर्थ न जुळवता नोंद तशीच ठेवली हे. प्रबंध भारदस्त दिसावा म्हणून एखादा तर्क चिकटवणं सोपं होतं.

१९१६ ची गोष्ट याच्याही पुढची. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला होते. शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक विल्यम हॉवेल यांनी त्यांना काम दिलं होतं ते रक्त गोठवणाऱ्या पदार्थाचं. यकृतातून काढलेल्या एका अर्कानं नेमकं उलटं केलं, रक्त गोठूच दिलं नाही. प्रयोग फसला म्हणून ते सोडून देता आलं असतं. मॅक्लीन यांनी पुन्हा पुन्हा तपासलं आणि मग गाईडसमोर ठेवलं. हॉवेल यांनी ती दिशा पुढे नेली, १९१८ मध्ये हेपॅरिन हे नाव आलं. पुढच्या अनेक वर्षांच्या कामातून ते औषध घडलं, आणि आज मोठ्या शस्त्रक्रियांत, डायलिसिसमध्ये ते रोजचं आहे.

(पृथ्वीची उपग्रह प्रतिमा. गवताळ पट्टा ऋतूंनुसार हिरवा, पिवळा, पुन्हा हिरवा.)

दूरसंवेदनातही असंच झालं. २३ जुलै १९७२ ला पहिला लँडसॅट उपग्रह वर गेला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात त्याच्या प्रतिमांवरून अमेरिकेच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशाचा अभ्यास सुरू झाला. गवत कुठे, किती आणि केव्हा हिरवं होतं, हे त्यांना मोजायचं होतं. अडचण अशी की हा पट्टा दक्षिण टेक्सासपासून थेट कॅनडाच्या सीमेपर्यंत पसरलेला. एकाच दिवशी दोन टोकांना सूर्याचा कोन वेगळा, म्हणजे सारख्याच गवताची चमकही वेगळी. डोनाल्ड डीअरिंग हा पीएच.डी.चा विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक रॉबर्ट हास यांनी गटातल्या गणितज्ञाच्या मदतीनं यावर तोड काढली. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवतं. तर अवरक्तातून लाल वजा करा आणि त्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेनं भागा. प्रकाश कमीजास्त झाला तरी भागाकार फारसा हलत नाही. उत्तर उणे एक ते एक या दरम्यान येतं.

हाच तो एनडीव्हीआय, हिरवाई मोजणारा निर्देशांक. आज पिकांचा अंदाज असो की दुष्काळाची पाहणी, या आकड्यावाचून पान हलत नाही.

आणि हाच आकडा पुढे रोगाच्या साथीपर्यंत पोहोचला. पूर्व आफ्रिकेत रिफ्ट व्हॅली ताप नावाचा रोग आहे, गुरांना होणारा आणि माणसांनाही. तो पसरवणाऱ्या काही डासांची विषाणूबाधित अंडी कोरड्या खोलगट कुरणांत वर्षानुवर्षं पडून राहतात. अतोनात पाऊस झाला, खळगे भरले, की अंडी फुटतात. हा पाऊस प्रशांत आणि हिंदी महासागराच्या वाढलेल्या तापमानाशी जोडलेला आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं समुद्राचं तापमान आणि एनडीव्हीआय एकत्र घेऊन दाखवलं की साथीचा अंदाज पाच महिन्यांपर्यंत आधी बांधता येऊ शकतो. २००६ च्या अखेरीस तशी साथ खरोखर आली, आणि या वेळी इशारा साथीच्या काही आठवडे आधी दिला गेला होता. गवताच्या हिरवेपणासाठी एका विद्यार्थ्यानं आणि त्याच्या गाईडनं जुळवलेला भागाकार गुरांच्या लसीकरणाच्या नियोजनात कामाला येतो, यापेक्षा या तीन शाखांच्या नात्याचा चांगला पुरावा मला माहीत नाही.

(प्रयोगशाळेतला संगणक. पडद्यावर पेशींच्या कडा रंगीत होत जातात.)

संगणनाकडे वळू. २०१२ मध्ये टोरंटो विद्यापीठात जेफ्री हिंटन यांचे विद्यार्थी ऍलेक्स क्रिझेव्स्की आणि इल्या सुत्स्केव्हर यांनी चित्र ओळखणारं एक न्यूरल नेटवर्क तयार केलं. ते चाललं खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांवर. इमेजनेट या चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाची चूक सुमारे २६ टक्के होती, यांची साधारण १५. त्यानंतर चित्रांवरचं संशोधन पूर्वीसारखं राहिलं नाही.

पण लाखो लेबल लावलेली चित्रं वैद्यकात आणायची कुठून? एकेका पेशीची कड तज्ज्ञाला हातानं काढावी लागते. २०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून ओलाफ रोनेबर्गर, फिलिप फिशर आणि थॉमस ब्रॉक्स यांनी चित्रातल्या कडा आखणारं यू-नेट हे नेटवर्क मांडलं. त्यांच्या एका प्रयोगात शिकवण्यासाठी फक्त ३० चित्रं होती. तीच चित्रं थोडी वाकवून, ताणून मॉडेलला पुन्हा पुन्हा दाखवली. ऊती खरोखरच तशा वाकतात, म्हणून ही युक्ती लागू पडली. पेशींसाठी बांधलेलं हे यू-नेट आज उपग्रह प्रतिमांतले रस्ते, इमारती, हिमनद्यांच्या कडा काढण्यासाठी वापरलं जातं.

निकाल मोजण्याची मापंही अशीच फिरत आली आहेत. मॉडेलनं आखलेला भाग खऱ्या भागावर किती बसतो, हे मोजायला उपग्रह प्रतिमांवर काम करणारे विद्यार्थी ज्याला आयओयू म्हणतात, ते माप पॉल जकार या वनस्पतिशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समधल्या वनस्पतींची तुलना करताना मांडलं. त्याच कामासाठी रेडिओलॉजीत वापरला जाणारा डाइस स्कोअर १९४५ च्या, परिसरशास्त्रातल्या एका लेखातून आला.

(दोन विद्यार्थी एका पडद्यासमोर. एकीचा हात माउसवर, दुसऱ्याकडे वही.)

इथून पुढे मी जरा थांबून बोलणार आहे, कारण या क्षेत्रातले बहुतेक प्रकल्प घसरतात ते याच ठिकाणी.

समजा, छातीच्या हजार एक्स-रेंवर मॉडेल शिकवायचं आहे. पद्धत अशी की ८०० वर शिकवायचं आणि २०० वर परीक्षा घ्यायची. चित्रं सरसकट पिसून वाटली, तर एकाच रुग्णाचे दोन एक्स-रे दोन्हीकडे जातात. मॉडेल रोगाऐवजी तो रुग्ण ओळखायला शिकतं, आणि परीक्षेत भरघोस गुण मिळवतं. उपग्रह प्रतिमेत हेच शेजारच्या पिक्सेलांचं होतं. एकाच शेताचा अर्धा भाग शिकवण्यात आणि अर्धा परीक्षेत, तर ती परीक्षाच नव्हे. उपाय दोन्हीकडे एकच : वाटणी रुग्णागणिक करा, प्रदेशागणिक करा. गुण उतरतात. उतरू द्यावेत. थिसिसच्या मुदतीच्या आठवडाभर आधी ९७ चे ८१ झालेले पाहणं किती जड जातं याची मला जाणीव आहे, पण विश्वास ठेवण्याजोगा आकडा तो ८१ चाच.

याहूनही फसवी एक गोष्ट आहे. २०१८ मध्ये न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन रुग्णालय-व्यवस्थांमधले एक्स-रे घेतले होते. दिसलं असं की एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला आहे, हे नेटवर्क जवळपास अचूक ओळखू शकतं. काही रुग्णालयांत न्यूमोनियाचं प्रमाण मुळातच जास्त होतं, त्यामुळे रुग्णालय ओळखलं की निम्मं उत्तर हाती. अनोळखी रुग्णालयाचे एक्स-रे दिले, तेव्हा बहुतेक तुलनांमध्ये कामगिरी खाली आली. डावी-उजवी बाजू दाखवण्यासाठी फिल्मवर ठेवलेली धातूची खूणसुद्धा मॉडेलला पुरते.

संगणकाच्या विद्यार्थ्याला ती खूण म्हणजे चित्राचाच एक भाग वाटते. रेडिओलॉजीचा विद्यार्थी ती रोज हातानं ठेवली जाताना पाहतो, त्यामुळे त्याला ती ताबडतोब खटकते. आणि दूरसंवेदनाच्या विद्यार्थिनीला हा प्रकार तिच्या क्षेत्रातून ओळखीचा असतो. नकाशा बरोबर आहे की नाही, हे जमिनीवर जाऊन पाहिल्याशिवाय ठरत नाही, हे तिला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं. ते लोक त्याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात. वैद्यकात त्या जागी बायोप्सी असते. तिघांना एका टेबलाभोवती बसवण्याचा खरा फायदा हा आहे. नवी अल्गोरिदम त्यातून निघेलच असं नाही, पण चुकीची उत्तरं लवकर पकडली जातात.

अचूकतेच्या टक्क्यांबद्दलही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रोग शंभरात एकाला असेल, तर ‘कुणालाच नाही’ असं सांगणारं मॉडेल ९९ टक्के अचूक ठरतं. शंभरात एक पिक्सेल पुराचा असेल, तर कोरा नकाशाही तितकाच अचूक. सादरीकरणात फक्त अचूकता दाखवली असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारा : खरोखर आजारी असलेल्यांपैकी किती सापडले?

(१९२० च्या दशकातली प्रयोगशाळा. काचेची भांडी, हस्तलिखित नोंदी.)

श्रेयाचा विषय टाळता येत नाही. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरंटोत फ्रेडरिक बँटिंग यांच्यासोबत चार्ल्स बेस्ट काम करत होते. नुकतीच पदवी झालेली, वय २२. जानेवारी १९२२ मध्ये इन्शुलिन पहिल्यांदा एका १४ वर्षांच्या मुलाला दिलं गेलं. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, जीवरसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला दुसरा अर्क लागू पडला. १९२३ चं नोबेल मिळालं ते बँटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख जॉन मॅक्लाउड यांना. बँटिंग यांनी आपल्या वाट्याची निम्मी रक्कम बेस्ट यांना दिली, मॅक्लाउड यांनी कॉलिप यांना. रक्कम वाटता आली, यादीत नाव मात्र गेलं नाही. तीन विभागांच्या प्रकल्पात ही गुंतागुंत वाढते. शेकडो चित्रांना लेबलं लावणारा वैद्यकाचा विद्यार्थी आणि कोड लिहिणारी संगणकाची विद्यार्थिनी यांच्यात लेखावर पहिलं नाव कुणाचं, हे काम सुरू होतानाच कागदावर ठरवावं. लेबलं लावणं हे हमालीचं काम समजण्याची पद्धत बंद व्हायला हवी. संपूर्ण मॉडेल त्याच कामावर उभं असतं.

(रॉकेटचं उड्डाण. मग दाट जंगलावरून सरकणारी रडार प्रतिमा.)

पुढचं काम समोरच आहे. ३० जुलै २०२५ ला निसार हा नासा आणि इस्रोचा उपग्रह वर गेला. त्याच्या एका रडारची तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर आहे. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाची साडेपाचच्या आसपास. लांब लहर पानांत अडकत नाही, झाडीच्या आत खोलवर जाते. म्हणजे घनदाट झाडीखाली साचलेलं पाणी, जे आजवर बऱ्याच नकाशांतून निसटत होतं, ते दिसण्याची शक्यता वाढते. डासांची पैदास अशाच पाण्यात होत असेल, तर हिवतापासारख्या रोगांच्या अभ्यासासाठी ही माहिती मोठी आहे. पाणी कुठल्या पिक्सेलमध्ये आहे हे मॉडेल सांगेल. त्या पाण्यात अळ्या आहेत का, त्या कुठल्या जातीच्या, आणि जवळच्या वस्तीत ताप वाढलाय का, हे उपग्रहाला दिसणार नाही. त्यासाठी नकाशावरच्या खुणेपर्यंत चालत जाऊन, लांब दांड्याच्या डावानं पाणी काढून अळ्या मोजाव्या लागतील, आणि आरोग्य केंद्रातल्या नोंदींशी ते आकडे ताडून पाहावे लागतील.