कॅमेरा आयपीसला विचारून घ्या

चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, "सर, स्पॉटिंग स्कोपमधून व्हिडिओ काढायचाय, कॅमेरा कुठला घेऊ?" स्पॉटिंग स्कोप म्हणजे लांबचे पक्षी बघायची एकनळी दुर्बीण. दुकानात जायच्या आधी एक कोरा कागद घ्या, एवढंच मी म्हणालो. तो प्रयोग आता सगळ्यांसमोर करू.

हा स्कोप ८० मिलिमीटरचा, म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास तेवढा; आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, २० ते ६० पट. झूम २० वर ठेवला, तोंड खिडकीकडे केलं. आयपीसच्या मागे कागद धरून सावकाश मागेपुढे करतो... थांबा, हं, इथे. दिसली उजेडाची टिकली? ८० भागिले २०, म्हणजे ४ मिलिमीटर. आता झूम ६० वर. झाली ना मोहरीएवढी? स्कोपमधला सगळा उजेड एवढ्याशा टिकलीतून बाहेर पडतो. लेन्समध्ये समोरून डोकावलं की आत जे छिद्र दिसतं, ते या टिकलीवर यायला हवं. मोठ्या झूम लेन्समध्ये ते छिद्र फार खोल असतं, तिथवर टिकली पोचतच नाही.

मी हे पैसे घालवून शिकलो. भिगवणला, कुंभारगावच्या काठावर, नवा कोरा मोठा कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली झूम लेन्स. समोर रोहित पक्ष्यांचा थवा, आणि स्क्रीनवर विहिरीत डोकावल्यासारखं: मधे उजेडाचं वर्तुळ, भोवती काळोख. काळोख घालवायला झूम केलं, तर लेन्सची नळी पुढे सरकून आयपीसवर आदळली. बरोबरच्या काकांचा साधा फोन मात्र मजेत चालला होता!

स्कोपला कॅमेरा लावायच्या या छंदाची सुरुवातच छोट्या कॅमेऱ्यांनी झाली. मलेशियातल्या लॉरेन्स पो यांनी १९९९ च्या सुमारास डिजिटल कॅमेरा स्कोपला लावून पक्षी टिपले. पुढे २००२ चा निकॉन कूलपिक्स ४५०० या मंडळींचा लाडका झाला. पिक्सेल जेमतेम ४० लाख, पण लेन्स चिमुकली आणि झूम होताना पुढे न येणारी.

आज फोन आणि घट्ट बसणारा अडॅप्टर यांवर बरंच भागतं. मात्र फोन मधेच आपल्या मनाने दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो आणि चित्र काळं होतं. म्हणून लेन्स, फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लॉक करू देणारं ॲप हवंच. याहून चांगलं हवं असेल तर मायक्रो फोर थर्ड्स या छोट्या सेन्सरचा, लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा आणि २० मिलिमीटरची, झूम नसलेली लेन्स. २० पटीवर तिची फोकल लेंथ होते ४०० मिलिमीटर, एफ ५ (हा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). ६० पटीवर १२०० मिलिमीटर, पण एफ १५. उजेड नऊपट कमी. २५ फ्रेमच्या व्हिडिओला शटर साधारण १/५० सेकंद ठेवायचा, म्हणजे ती कसर आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) वाढवूनच भरायची, आणि चित्रात दाणे येतात. त्यामुळे मी ३० पटीच्या पुढे जातच नाही. फोर-के, म्हणजे जास्त बारीक तपशिलाचा व्हिडिओ, वगैरेचं मला फार कौतुक नाही. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, आणि ती थरथर फोर-केमध्ये आणखी स्वच्छ दिसते.

रेकॉर्डिंग ब्लूटूथ रिमोटने सुरू करा. बोट लागलं की स्कोप हलतो आणि शेकाट्या (लांब पायांचा पाणपक्षी) फ्रेममध्ये नाचायला लागतो. होडी सतत हलते, तिथे तर स्कोप नेऊच नका.

आता ज्यांना आपला फोन लावून बघायचाय त्यांनी पुढे या. कव्हर काढून या हं, नाहीतर अडॅप्टर तिरका बसतो.