मावशी, तपासून घे की!

बार्शी तालुक्यातलं एक गाव. आरोग्य केंद्राच्या ओट्यावर कॉलेजातली एक पोरगी मावशीची समजूत घालतेय. मावशीचं उत्तर ठरलेलं: "मला काय धाड भरलीय? धडधाकट हाय की मी!"

तपासणी असते ती धडधाकट माणसाचीच. गर्भाशयमुखाचा कॅन्सर वर्षानुवर्षं मुरत राहतो. दुखत नाही, खुपत नाही. अंगावरून जायला लागेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो.

या मुलखाला हे नवं नाही. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं. ज्या गावांत एचपीव्ही तपासणी, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी झाली, तिथं आठ वर्षांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या जवळपास निम्मे राहिले. आणि तपासणी किती वेळा? एकदाच.

मावशीला हे आकडे सांगून काही उपयोग नव्हता. तिची अडचण वेगळीच. तपासणारी बाई असेल का? खुरपणीचा रोज बुडेल, त्याचं काय? सासूला काय सांगायचं? भाचीनं आधी नर्सबाईंना गाठलं, पाळीचे दिवस टाळून वार ठरवला, आणि सासूबाईंनाही सोबत चला म्हणाली. आमच्या मते खरं डोकं तिनं इथं लावलं.

आत जेमतेम काही मिनिटांचं काम. ही एचपीव्हीची नव्हे, नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं पातळ द्रावण लावतात, मिनिटभर थांबतात. पांढरा चट्टा उमटला तर पुढची तपासणी. चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे, हे नर्सबाई प्रत्येकीला दोनदा बजावतात.

सासूबाईंचा नंबर लागला तो तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीला. चाळीस वर्षं तंबाखूची मिश्री लावलेली. बॅटरीच्या उजेडात गाल ओढून आतून पाहिला, जीभ उचलून खाली पाहिलं. "तोंडात तीन बोटं उभी जातात का, आजी?" गेली. म्हणजे तोंड नीट उघडतंय.

पुरुषांना आणणं मात्र महाकठीण. एक नातू आजोबांना मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. आजोबांचं आटोपलं. नर्सबाईंची नजर नातवाच्या खिशातल्या सुपारी-तंबाखूच्या माव्याच्या पुडीवर गेली.

"आता तू बस. आ कर."