रिबन काढून मारलेली अक्षरं

नमस्कार श्रोतेहो.

भूमिगत म्हटलं की आपल्या खान्देशातल्या माणसाला आधी बेचाळीस आठवतं. साने गुरुजी भूमिगत होते, अमक्याच्या माळ्यावर तमका लपला होता, कुणाच्या आजीने भाकरीच्या दुरडीतून पत्रकं पोचवली होती. गावागणिक अशी एक तरी गोष्ट असते आणि ती सांगणारं एक घर असतं. मी ज्या यंत्रापुढे बसून बोलतोय, त्याचंही एक भूमिगत भावंड होतं. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला. जेमतेम तीन महिने चालला तो.

पण आज ज्या भूमिगतांबद्दल, म्हणजे स्वतःचे अंक स्वतःच काढणाऱ्या मुंबईच्या कवींबद्दल बोलायचं आहे, त्यांच्या मागे पोलीस नव्हते. निदान सुरुवातीला तरी नव्हते. त्यांच्याकडे छापखाना नव्हता, एवढंच.

१९७१ साली मी चाळीसगावहून मुंबईला गेलो. जवळ मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि टायपिंगची परीक्षा, मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द. परळला मामाकडे उतरलो. मामा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामावर होता. एक खोली, माणसं नऊ. झोपायला गॅलरी. फोर्टात एका जिन्याखालच्या टायपिंगच्या दुकानात मला नोकरी लागली. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेपावत्या, युनियनची पत्रकं असलं काम. आणि स्टेन्सिल.

आता स्टेन्सिल म्हणजे काय हे तरुण श्रोत्यांना सांगायला हवं. तुमच्या आईवडिलांना विचारा, सहामाहीची प्रश्नपत्रिका कशी यायची? काळी, ओलसर, बोटाला लागणारी. तेच सायक्लोस्टाईल. मेण लावलेला पातळ कागद टाइपरायटरमध्ये चढवायचा, मशीनची रिबन बाजूला काढायची आणि मग अक्षरं मारायची. रिबन नसल्यामुळे अक्षर उमटत नाही, कागद कापतं. म्हणून आम्ही 'स्टेन्सिल टाइप केली' म्हणत नसू, 'स्टेन्सिल कापली' म्हणायचो. मग ती शाईच्या रोळावर ताणून बसवायची आणि हँडल फिरवायचं. कापलेल्या जागेतून शाई खाली कागदावर उतरते. चूक झाली तर त्या अक्षरावर लाल औषध लावायचं, फुंकर मारायची, वाळलं की त्यावरच नवं अक्षर मारायचं. प्रती वाढत गेल्या की अक्षरं फाटायला लागतात. 'ठ'चं पोट तर हमखास फुटायचं.

एके दिवशी एक सडपातळ माणूस वहीची फाडलेली पानं घेऊन आला. कविता होत्या. मालकाने दोन ओळी वाचल्या आणि पानं परत केली. "असलं काही आमच्याकडे होत नाही." त्यात एक शब्द होता, तो मी इथूनही उच्चारू शकत नाही, माझी मुलाखत घेणाऱ्या बाई समोरच बसल्या आहेत. तो माणूस जिन्यापाशी उभा राहिला. मालक जेवायला गेला तेव्हा मी त्याला हाक मारली. सहा स्टेन्सिली कापल्या. शेवटच्या पानावर माझ्याकडून 'शहराची भूक'च्या जागी 'शहराची भूल' मारलं गेलं, आणि लाल औषधाची बाटली नेमकी संपलेली. मी हात जोडले. त्याने ते पान उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "राहू द्या. बरं आहे." आवडलं म्हणून म्हणाला की नव्या स्टेन्सिलीचे पैसे नव्हते म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या वेळी मला एवढंच माहीत होतं की काहीतरी चोरून केलंय. मागून वाचत गेलो तेव्हा समजलं की ही जुनी वाट होती. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी मुंबईत 'शब्द' नावाचा अंक सायक्लोस्टाईल करूनच काढला होता. चित्रे तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे. मग अशोक शहाण्यांचं 'असो' आलं, 'येरू' आलं, 'फक्त', 'आत्ता', 'विद्रोह'. नावंच बघा. मराठी मासिकांची नावं तोवर कशी भारदस्त, देव्हाऱ्यातली असायची. ही नावं नाक्यावर उभं राहून हाक मारावी तशी. मराठीत या अंकांना 'अनियतकालिक' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. पगार झाला की अंक निघणार, नाही झाला की नाही. त्याला नियत काळ कुठून असणार?

आणि हे मुंबईतच का झालं, तर माझं साधं टायपिस्टाचं उत्तर आहे: मोठ्या शहरात संध्याकाळी सहानंतर रिकामी मशीनं खूप असतात. कुणी बँकेत, कुणी प्रूफं तपासणारा, कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात चित्रकार. दिवसा साहेबाचं काम, रात्री आपलं. छापून झालं की बुक पोस्टाने थोड्या पैशांत कुठेही जायचं. मासिकं, प्रकाशक, समीक्षक ही सगळी वरच्या मजल्यांची माणसं. प्रतिष्ठित 'सत्यकथा' मासिकाचा अंक यातल्या काहींनी जाळलाही होता. मला ते जाळणं पटलं नाही, अजून पटत नाही. पण ज्याचा कागद कुणी घेतच नाही त्याच्या हातात काडेपेटी का येते, ते मी जिन्याखाली बसून पाहिलं होतं.

१९७२ साली नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' आलं. टॅक्सी चालवणारा, कामाठीपुऱ्याच्या शेजारच्या वस्तीत वाढलेला तेवीस वर्षांचा कवी. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची, आणि तेंडुलकरांनाही कित्येक शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले होते. मी एक प्रत मिळवली. खोलीत मामी आणि पोरं, म्हणून मामाला गॅलरीत नेऊन, आवाज बारीक करून वाचून दाखवली. मामा चौथी शिकलेला. तेंडुलकरांना जे शब्द अडले, ते त्याला एकही अडले नाहीत. मला म्हणतो, "हाई तं आपलं नाक्यावरलं बोलनं शे. हाई पुस्तकमा कसं उनं?" मला वाटलं रागावला. मग म्हणाला, "पुढं वाच."

त्याच वर्षी ढसाळ, राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर उभी केली. पोलीस मागे लागले ते तेव्हापासून.

यात सगळं सोनंच होतं असं समजू नका. बऱ्याच कविता टाकाऊ होत्या. मी कापल्यात त्या, मला सांगू नका. शिवी घातली की कविता झाली, असं समजणारेही पुष्कळ होते. आणि ही सगळी बहुतांशी पुरुषांची पंगत. रात्र रात्र फूटपाथवर बोलत बसायची मोकळीक ज्याला होती, त्याचीच चळवळ. घरी कोण जागं होतं, ते कळायला १९८४ साल उजाडावं लागलं, ढसाळांच्या पत्नी मल्लिका अमर शेख यांनी आत्मकथन लिहिलं तेव्हा.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या गोष्टीत आपलं काय? तर या मंडळींतला एक बिनीचा माणूस आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचा. भालचंद्र नेमाडे. 'कोसला' १९६३ साली आली, पंचविशीतल्या माणसाने शहर सोडून सांगवीत बसून लिहिलेली. पुढे ते धुळ्याला शिकवत होते, औरंगाबादहून 'वाचा' हे अनियतकालिक काढत होते. २०१४ चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले गेले. पण आधी एका पिढीने ती कादंबरी पाठ्यपुस्तकाखाली लपवून वाचली होती, त्यात मीही होतो.

आणि मला तर वाटतं, सायक्लोस्टाईल यायच्या कितीतरी आधी हा कारभार आपल्याकडे चालू होता. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या ओव्या रचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्या जमेल तशा टिपून ठेवल्या. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली आणि १९५२ ला पुस्तक निघालं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण ती वही ट्रंकेत राहिली असती तर? आपल्याकडे अशा किती ट्रंका उघडल्याच गेल्या नसतील.

अहिराणीचं, आपल्या खान्देशी बोलीचं, दुखणं तेच होतं. बोलायची घरात, बाजारात. शाळेत बोललं की मास्तर हसायचे, कधी छडीही बसायची. कानबाईची, आपल्या खान्देशच्या देवीची, गाणी बायका रात्रभर म्हणायच्या, श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. सोमवारी कानबाईबरोबर ती गाणीही नदीवर जायची आणि पुढच्या वर्षी कुणाच्या तरी तोंडून परत यायची. लिहून ठेवलंय कुणी? थोड्या जणांनी. फार थोड्या.

आज आपल्या पोरांचं मोठं शहर मुंबई राहिलेलं नाही, सुरत आहे. भुसावळ-सुरत गाडीत बसा, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, मग नवापूर. नवापूरच्या स्टेशनात तर अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. पुढे सुरतच्या वस्त्या, उधना, लिंबायत, पांडेसरा. तिथल्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येते, कानबाईही तिथे बसते, आणि डीजेवर जी गाणी वाजतात त्यांना मुंबईपुण्याच्या कुठल्या कंपनीचं बोट धरावं लागलेलं नाही. मोबाईलवर चढवलं की झालं. मुंबईत धारावी-कुर्ल्याची पोरं रॅप करायला लागली, त्यावर हिंदी सिनेमा निघाला, तेव्हा पेपरवाल्यांना त्यांचा शोध लागला. उधन्याच्या पोरांचा अजून कुणाला लागलेला नाही. मी म्हणतो, नाही लागला तरी बिघडत नाही, फक्त त्या पोरांनी आपली गाणी कुठेतरी उतरवून ठेवावीत. मोबाईल हरवतो हो. ट्रंक निदान हरवत नाही.

माझा पुतण्या उधन्याला पॉवरलूमवर असतो. त्याच्या बापाचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, तीन एकर कोरडवाहू. तीन वर्षं लागोपाठ कापसाने हात दिला नाही, मग पोरगं गाडीत बसलं. मागच्या दिवाळीत मी त्याच्या खोलीवर राहिलो होतो. रात्रपाळी नसली की तो आणि त्याचे दोन मित्र दाराला गोधडी लावतात, बाहेरच्या साच्यांचा खडखडाट आत येऊ नये म्हणून, आणि फोनवर अहिराणी रॅप भरतात. खडखडाट तरी येतोच. मग त्याच तालावर म्हणतात. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. शब्द भराभर जात होते, काही कळले, काही नाही. तेंडुलकरांचं झालं तसं माझं.

मध्येच तो अडला. "काका," म्हणाला, "पॉवरशी काय जुळतं?"

मी पन्नास वर्षं टायपिंग केलेला माणूस. क्षणभर विचार केला आणि म्हणालो, "वावर."

"ते तं पयलेच टाकेल शे, काका," तो म्हणाला. "दुसरं सांगा."