वाडी मोजायची कशी?

(दृश्य: ड्रोनमधून आडवी वाडी)

या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं. सगळ्या एकाच अंगाला पडल्यात, वारा कुठून आला ते विचारायला नको. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या खाली, दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. त्या दुपारचं चित्रण आमच्याकडे नाही. आम्ही पोचलो तेव्हा करवती सुरू झाल्या होत्या.

(दृश्य: करवत, ओंडके)

पडलेला माड बाहेरून दगड, आत ओला भुसा. पोफळीचं खोड निदान उभं चिरलं की रिपा निघतात, मांडवाला लागतात. माडाच्या ओंडक्याला गिऱ्हाईक मिळता मिळत नाही, आणि तो वाडीतून बाहेर काढायची मजुरी मालकाच्याच डोक्यावर.

(दृश्य: पंचनामा)

हे तलाठी, हे कृषी सहायक, हे ग्रामसेवक. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तरच मदत. बहुवार्षिक फळपिकाला आपत्ती निधीचा तेव्हाचा दर हेक्टरी १८,००० रुपये. निसर्गनंतर राज्य सरकारने तो ५०,००० केला, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. आता या वाडीचा सातबारा बघा. दहा गुंठे. हेक्टर म्हणजे जवळपास शंभर गुंठे. जुन्या दराने हिला १,८०० रुपये आले असते, नव्याने ५,०००. दोन हेक्टरांची मर्यादा या आळीत कुणाला आडवी येईलसं वाटत नाही.

(दृश्य: शेजारची वाचलेली वाडी, खालून वर)

भातखाचराला हा हिशेब चालतो. वाडी मात्र वर वाढते. माडांच्या मधे पोफळी, पोफळीवर मिरीचा वेल, सावलीला जायफळ. त्याच दहा गुंठ्यांत चार पिकं, चार उंचींवर. हेक्टरच्या हिशेबात त्यातली फक्त जमीन येते.

बागायतदारांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं, तेव्हा शासनाने झाडामागे मदत ठरवली: नारळाला २५० रुपये, पोफळीला ५०. इथे पंधरा माड आणि शंभर पोफळी पडल्या असं धरलं तर ८,७५०. हेक्टरपेक्षा बरं. झाड मोजलं गेलं, त्याचं वय नाही. पाच वर्षं फळलेली पोफळ आणि तीस वर्षं फळलेली पोफळ, दोघींना पन्नासच.

(दृश्य: पडवीतलं टेबल, कागद)

मग हे टेबल. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाची झेरॉक्स. सातबाऱ्यावर सात नावं. आजोबा कधीच वारले, दोन काका मुंबईला, आत्या बडोद्याला. वारसनोंद राहून गेली, कारण अडलं कुणाचं नव्हतं. पैसे एका खात्यात यायचे तर बाकीच्यांची संमती हवी. आणि हे सगळं जून २०२० मधलं. टाळेबंदी, एसटी बंद.

(मूळ आवाज, या वाडीच्या काकू फोनवर: "सही करून फोटो पाठव. हो, व्हॉट्सअ‍ॅपवरच. चालतो का ते विचारते मी भाऊसाहेबांना.")

चालला की नाही, ते कळायच्या आत आम्ही निघालो होतो.

(दृश्य: पुढचा पावसाळा, रोपं)

नवी पोफळ फळायला पाच-सात वर्षं, उंच जातीच्या माडालाही तितकीच. तोवर घर कशावर चालायचं, ते ज्याचं त्याने बघायचं.

ही रोपं श्रीवर्धनी रोठा या सुपारीच्या जातीची. श्रीवर्धनला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रच आहे. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही. एरवी ती माडांच्या सावलीत वाढते. इथे माडच राहिले नाहीत, म्हणून आधी केळी लावल्यात, आणि केळी उंच होईतो झावळ्यांचा आडोसा. झावळ्या त्या पडलेल्या माडांच्याच.

(दृश्य: पाटाचं पाणी आळ्यात शिरतं. निवेदन नाही.)