खानदेशातला स्पिट्झ रिंगमध्ये उतरतो

[दृश्य: शाळेचं मैदान, सकाळ. टँकर, बांबू, गालिचे.]

जळगाव. जानेवारीतला रविवार. मैदानावर टँकर पाणी मारतोय. काळी माती बसल्याशिवाय इथे काहीच सुरू होणार नाही, कारण आज येणारी बहुतेक कुत्री पांढरी आहेत आणि ही धूळ एकदा लांब केसांत शिरली की दिवसभर निघत नाही. पाणी मुरलं की वर गालिचे पडतील. मग चारी बाजूंनी बांबू रोवून दोरी ताणायची, आत एक टेबल, टेबलावर रबरी चटई. झाली रिंग.

हा फक्त स्पिट्झ कुत्र्यांचा शो आहे. उभे त्रिकोणी कान, निमुळतं तोंड, पाठीवर वळलेली शेपटी आणि दुहेरी केस, या चार खुणा सांगणारं हे कुळ. पॉमेरेनियन यातलाच. सामोयेड, हस्की, चाऊ चाऊ, जपानचा अकिता हेही यातलेच. आणि ज्याला आपण लहानपणापासून ‘पामेरियन’ म्हणत आलो, तो भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समधला, धुळ्याच्या वाड्यांमधला, अमळनेरच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणारा पांढरा कुत्राही यातलाच. आजचा शो मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

[दृश्य: प्रवेशाचं टेबल. रांग.]

आधी जनावरांचे डॉक्टर. लसीकरणाचं कार्ड बघितल्याशिवाय कुणालाही आत सोडत नाहीत. रेबीजची लस टोचून किमान २१ दिवस झालेले हवेत, तोवर शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपरची लसही झालेली हवी. एका मैदानावर इतकी पिल्लं एकत्र आली की हे दोन आजार पसरायला वेळ लागत नाही. डोळे, नाक, कान, कातडी, सगळं हात लावून तपासतात. माजावर आलेली मादी असेल तर तिला शेवटच्या फेरीत घेतात. खोकणारं कुत्रं तिथूनच घरी जातं, मालक कुणीही असो.

मग मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवलेली असते. यंत्र फिरवलं की १५ आकडी क्रमांक दिसतो. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदांवर हाच क्रमांक असतो. १८९६ साली सुरू झालेली, चेन्नईत मुख्यालय असलेली ही संस्था देशातल्या जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवते, आणि तिच्याशी संलग्न क्लबच चॅम्पियनशिप शो भरवू शकतात. तिथे वेगवेगळ्या जजेसच्या हातून चॅलेंज सर्टिफिकेटं मिळवली की कुत्र्याच्या नावामागे ‘चॅम्पियन’ लागतं. आजचा शो तसा नाही. गावातल्या श्वानप्रेमींनी वर्गणी काढून तो भरवलाय. इथे सर्टिफिकेट मिळत नाही, पण नियम तेच पाळले जातात, कारण इथे शिकलेला उद्या पुण्या-मुंबईच्या रिंगमध्ये उभा राहणार आहे.

आता अर्ज बघा. कुत्र्याचं नाव, नर की मादी, जन्मतारीख, आई, वडील, पैदास कुणाची, मालक कोण. जन्मतारखेवरून गट ठरतो. चार ते सहा महिने म्हणजे मायनर पपी, सहा ते बारा म्हणजे पपी, पुढे ज्युनियर, इंटरमिजिएट, ओपन. इथवर पेन भराभर चालतं. एका रकान्याशी येऊन मात्र रांगच थांबते. जात.

[दृश्य: उंची मोजण्याची लाकडी पट्टी. पाचोऱ्याची मुलगी आणि तिचा कुत्रा.]

ही मुलगी पाचोऱ्याहून आलीये. तिने लिहिलंय ‘पॉमेरेनियन’. तिच्या आधीच्या काकांनीही तेच लिहिलंय, त्यांच्या आधीच्या ताईंनीही. टेबलावरचे दादा काही बोलत नाहीत. कुत्र्याला सपाट फळीवर उभं करतात आणि खांद्याच्या सगळ्यांत उंच हाडावर पट्टी टेकवतात. ३८ सेंटिमीटर.

आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मानकानुसार, म्हणजे जातीच्या ठरवून दिलेल्या लेखी वर्णनानुसार, पॉमेरेनियनची उंची २१ सेंटिमीटर, त्यात तीन इकडे-तिकडे चालतात. म्हणजे २४च्या वर पॉमेरेनियन नाही. ते मानक जर्मन स्पिट्झ या जातीचं आहे; तिचे पाच आकार आहेत आणि पॉमेरेनियन त्यातला सगळ्यांत लहान. तोही कायम एवढा लहान नव्हता. बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया प्रांतातून हा कुत्रा इंग्लंडात गेला तेव्हा बराच मोठा होता. १८८८ साली व्हिक्टोरिया राणीने इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये एक लहानसा पॉमेरेनियन घेतला, आणि त्यानंतर तिकडच्या लोकांना लहानच हवा झाला.

आपल्याकडे आलेल्या स्पिट्झचा रस्ता वेगळा आहे. ब्रिटिश काळात युरोपातून आलेली ही कुत्री इथेच वाढली, इथेच त्यांची पैदास झाली, आणि इथल्या हवेत जी टिकली त्यांचीच पिल्लं पुढे आली. अंग मोकळं, पाय उंच, केस पॉमेरेनियनपेक्षा कमी दाट. भाकरी-दूध खाऊन ती राहिली. १९८० आणि ९०च्या दशकांत परदेशातून कुत्री आणणं अवघड होतं, तेव्हा मध्यमवर्गीय घरातला कुत्रा म्हणजे हाच. हा इंडियन स्पिट्झ. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या यादीत त्याला अजून जागा नाही. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटं काढली: मुधोळ हाउंड, राजापालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग. चौघांचा मान योग्यच आहे. पण इतक्या घरांत वाढलेला हा कुत्रा त्यात नव्हता. पॉमेरेनियनच्या रांगेत उभा केला की तो उंचीवरच बाद होतो, आणि मालक घरी जाऊन सांगतो, आपला कुत्रा खोटा निघाला.

खोटा कुठला? तो वेगळा आहे. म्हणून या शोमध्ये इंडियन स्पिट्झची रिंग स्वतंत्र ठेवलीये. मुलीने जातीच्या रकान्यात नव्याने लिहिलंय. पेन थोडं दाबूनच.

[दृश्य: ग्रूमिंगचा मंडप. ब्लोअरचा आवाज तसाच ठेवावा.]

इथे थोडा वेळ थांबू, कारण निम्मा शो याच मंडपात जिंकला किंवा हरला जातो.

स्पिट्झच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला लोकरीसारखा मऊ आणि दाट, वरचा लांब, सरळ, थोडा खरखरीत. आतल्या थराच्या आधाराने वरचे केस उभे राहतात. अंघोळ दोन दिवस आधी झालेली असते, कारण ताज्या धुतलेल्या केसांना तो ताठपणा येत नाही. आता फक्त फवारा आणि ब्रश. कोरड्या केसांवर ब्रश मारला तर केस तुटतात, म्हणून आधी पाण्याचा हलका फवारा. मग केसांत भांग पाडल्यासारखी एक ओळ काढायची, कातडी दिसली पाहिजे, आणि तिथून केस बाहेरच्या दिशेने विंचरायचे. पुढची ओळ बोटभर वर. पोटापासून पाठीपर्यंत, मग मान, मग मागच्या मांड्या. मानेभोवतीचे केस पुढे, डोक्याच्या दिशेने. कानामागे हात थांबतो; गुंता सगळ्यांत आधी तिथे होतो. ब्रश पिनांचा लागतो, आणि शेवटी स्टीलचा कंगवा अडकल्याशिवाय फिरला पाहिजे. भुसावळहून आलेल्या या ताई पहाटेपासून एका कुत्र्यावर काम करतायत. कात्री फक्त पंजांच्या कडेला आणि शेपटीखाली, स्वच्छतेपुरती.

अंगावर मात्र मशीन फिरवायचं नाही. हे आम्हाला ठासून सांगायचंय. खानदेशात एप्रिल उजाडला की लोक कुत्र्याला गरम होतं म्हणून सरसकट भादरून आणतात. आपल्यासारखा घाम कुत्र्याला अंगभर येत नाही; तो धापा टाकून शरीर थंड करतो. वरचा थर उन्हापासून कातडी वाचवतो. तो काढला की कातडी भाजते, आणि स्पिट्झचे केस पुष्कळदा परत नीट येतच नाहीत, ठिगळं राहतात. उन्हाळ्यात आतला थर आपोआप गळतो. तो रोज विंचरून काढा. कुत्रा गारव्याला ठेवा, पाणी भरपूर द्या, फिरणं पहाटे आणि रात्री. मशीन नको.

[दृश्य: पंचक्रोशीतून आलेले प्रेक्षक. दोरीलगतची आजी.]

“चावस का हो हाई?” आजी विचारतात. उत्तर चित्रातच आहे.

इथल्या माणसाला जनावर बघायला शिकवावं लागत नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथे माणसं दात बघतात, खूर बघतात, देवमन (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे का, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का हे बघतात, आणि मग सांगतात, जरा चालवून दाखवा. घोड्याची रेवाल, म्हणजे हादरे न देणारी चाल ओळखणारे डोळे इथे दोरीबाहेर उभे आहेत. कुत्र्याची चाल त्यांना लगेच कळते.

[दृश्य: रिंग. जज.]

जज पुण्याहून आलेत. रिंग स्टुअर्ड क्रमांक पुकारतो, हँडलरच्या, म्हणजे कुत्र्याला रिंगमध्ये चालवणाऱ्याच्या, दंडावर तोच क्रमांक बांधलेला. कुत्रा डाव्या हाताला, आणि सगळे घड्याळाच्या उलट दिशेने एक फेरी घेतात. म्हणजे मध्ये उभ्या जजच्या आणि कुत्र्याच्या मध्ये हँडलर येत नाही. नवखा माणूस इथेच चुकतो: कुत्र्याकडे बघत धावतो आणि स्वतःच आडवा येतो.

आता टेबल. जज समोरून येतात, आधी हाताचा वास घेऊ देतात. मग कवटीवर अंगठा. पॉमेरेनियनच्या टाळूवर मऊ खड्डा राहिलेला असेल तर मानकानुसार तो बाद. मग ओठ वर करून दात. वरचे दात खालच्या दातांना घासून पुढे बसले पाहिजेत. लहान आकारात दोन-चार छोट्या दाढा कमी असल्या तरी मानक ते चालवून घेतं. केसांत हात घालून बरगड्या, पाठ, मागच्या गुडघ्याची वाटी. लहान स्पिट्झमध्ये ही वाटी सरकण्याचा त्रास नेहमीचा, आणि अशा कुत्र्याकडून पिल्लं घेऊ नयेत असं जज मालकाला तिथेच सांगतात. नर असेल तर दोन्ही वृषण खाली उतरलेले हवेत. अनोळखी माणसाने एवढं चाचपलं तरी कुत्र्याने शांत उभं राहायचं. ही तयारी महिनोन्‌महिने घरी होते: रोज कुणीतरी पाहुण्याने दात बघायचे, आणि नीट उभं राहिलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा.

मग खाली. त्रिकोणात चालवा. सरळ जा, सरळ या. पट्टा सैल. लांबून बघितलं की शेपटी पाठीवर पडलेली दिसली पाहिजे. भ्यालेल्या कुत्र्याची शेपटी आधी सुटते.

[दृश्य: इंडियन स्पिट्झची रिंग, सलग. निवेदन थांबवावं. फक्त मैदानावरचे आवाज.]

या रिंगमध्ये पॉमेरेनियनच्या रिंगपेक्षा जास्त गर्दी आहे. जजना इथे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मानकाचा आधार नाही. ते सगळ्या कुत्र्यांना रांगेत उभं करतात, मागे सरकतात, पुन्हा पुढे येतात. उंचीत फरक आहे, डोक्याच्या ठेवणीत फरक आहे. शेपटी मात्र सगळ्यांची पाठीवर आणि कान सगळ्यांचे उभे. दोन पिढ्यांत कुणीही नीट नोंद न ठेवता एवढं सारखेपण टिकलंय.

[दृश्य: कूलरसमोरचा हस्की.]

हस्कीही आलेत, सामोयेडही. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या भागात सैबेरियाचा कुत्रा पाळणं त्याच्या जिवावर बेततं. उष्माघाताने कुत्री दगावतात. शो सकाळी आठला सुरू करून दुपारच्या आत संपवतात तोही त्यामुळेच. आणि पिल्लू विकत घेताना २०१७चे श्वान पैदास नियम विचारा: विक्रेत्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, पिल्लू आठ आठवड्यांच्या आतलं नको.

[दृश्य: बक्षीस समारंभ.]

बेस्ट इन शो धुळ्याच्या पॉमेरेनियन मादीला. जज माइकवर कारण सांगतात: बांधा आखूड आणि चौकोनी, केस पूर्ण, आणि तिन्ही बाजूंनी चाल स्वच्छ. दुसरा मान, रिझर्व्ह, पाचोऱ्याच्या इंडियन स्पिट्झला. त्याच्याबद्दल ते म्हणतात, वजन थोडं कमी करा, मागचे पाय अजून भरायचेत, पण डोकं आणि स्वभाव असा की पुढच्या पिढीसाठी हा नर जपा.

टाळ्या संपल्यावर आयोजक त्याला पुन्हा टेबलावर घेतात. इंडियन स्पिट्झची एक वही त्यांनी सुरू केलीये. प्रत्येक कुत्र्याची उंची, लांबी, वजन, दात, रंग, जन्मगाव, आणि बाजूने काढलेला एक फोटो. आई-वडिलांचा रकाना बहुतेक पानांवर कोरा आहे, आणि जातीची ओळख कागदावर आणायची तर नेमका तोच भरावा लागतो. या मुलीला मात्र दोघंही माहीत आहेत. आई चाळीसगावला तिच्या मावशीकडे, वडील पाचोऱ्यातच, कापसाच्या जिनिंगजवळच्या घरात. वहीवाले दोघं पुढच्या रविवारी पट्टी आणि चिपचं यंत्र घेऊन तिकडे निघतायत.