पान नसलेलं पुस्तक

(नवलेखकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

ई-बुक लिहायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, किती पानांचं असावं? आत्ता आत येतानाही दारात दोघांनी विचारला. मी म्हटलं, ई-बुकला पान नसतं. त्यांना वाटलं मी टाळतोय. टाळत नव्हतो. आज मला बोलायचंय ते या एकाच वाक्याबद्दल.

छापील पुस्तकात तुमच्या प्रतीतलं सत्तावन्नावं पान आणि माझ्या प्रतीतलं सत्तावन्नावं पान एकच असतं. ई-बुकात तसं नाही. कुणी ते मोठ्या टॅबवर वाचतो, कुणी फोनवर. कुणाला चष्मा सापडत नाही म्हणून तो अक्षर दुप्पट मोठं करतो, आणि तुमचं दहा पडद्यांचं प्रकरण तीस पडद्यांचं होतं. काही यंत्रांवर पानांचे आकडे दिसतात हे खरं, पण ते बहुतेकदा छापील आवृत्तीकडून उसने घेतलेले असतात.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. माझं पहिलं ई-बुक मी वर्डमध्ये मोठ्या हौसेने सजवलं होतं. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर यावं म्हणून एंटर दाबत सुटलो होतो. चित्राच्या बाजूला मजकूर नेमका बसावा म्हणून मोकळ्या जागा टाकल्या होत्या. आणि आत सात-आठ ठिकाणी ‘पान ४२ वरची आकृती पाहा’ असं लिहून ठेवलं होतं. फोनवर उघडलं तेव्हा मधेच दोन-दोन पडदे कोरे, चित्र एकीकडे आणि त्याखालची ओळ भलतीकडे. एका वाचकाने अगदी नम्रपणे कळवलं, ‘पुस्तक आवडलं, पण माझ्या प्रतीत बेचाळिसावं पान आलेलं नाही, पाठवाल का?’

खरं तर ई-बुक जन्माला आलं तेच पानाशिवाय. ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर मायकेल हार्ट या तरुणाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप केला, आणि त्यातून ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ हा मोफत ई-बुकांचा संग्रह उभा राहिला. त्या फाइलीत होता तो नुसता मजकूर. पुढे १९९३ मध्ये पीडीएफ आला तो पान जसंच्या तसं जपायला. २००७ मध्ये ईपब हा ई-बुकाच्या फाइलीचा प्रमाण प्रकार ठरला तो पान सोडून द्यायला. दोघांचं काम वेगळं आहे. म्हणून ‘मी वर्डचं पीडीएफ केलं, झालं ई-बुक’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, ते फोनवर उघडून सलग पाच मिनिटं वाचलंत का? बोटांनी चिमटे काढत, ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचावं लागतं. ज्यात चित्र आणि शब्द यांची जागा बदलून चालणार नाही, उदाहरणार्थ लहान मुलांचं चित्रपुस्तक किंवा कॉमिक, तिथे पक्क्या मांडणीला पर्याय नाही. बाकी सगळ्यांनी वाहता मजकूरच घ्यावा, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे ज्याच्या ओळी आपोआप बदलतात तो.

आज घरी गेल्यावर एक उद्योग करा. एखादी कुलूप नसलेली, म्हणजे नक्कल करायला बंदी न घातलेली, ईपब फाइल घ्या, तिच्या नावातलं शेवटचं ‘ईपब’ खोडून तिथे ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत वेबपानांसारख्या छोट्या छोट्या फाइली दिसतील, बहुधा प्रकरणागणिक एक. एक फाइल सजावटीची, चित्रांचं एक फोल्डर, आणि कशानंतर काय यायचं ती यादी. म्हणजे पान गेलं, तरी अनुक्रम राहिला. वाचकाच्या हातात दिशा दाखवणारं तेवढंच उरतं. म्हणून ई-बुकाचं नियोजन म्हणजे अनुक्रमणिकेचं नियोजन, असं मी मानतो.

आता हे कसं करायचं ते एक उदाहरण घेऊन बघू. एका बाईंची तीस वर्षं शिवणयंत्रावर गेली आहेत आणि त्यांना पुस्तक लिहायचंय. पहिल्या दिवशी त्या जी अनुक्रमणिका आणतात ती अशी असते : शिवणकामाचा इतिहास, यंत्रांचे प्रकार, कापडाचे प्रकार, मापं कशी घ्यावीत, शिवणकाम एक व्यवसाय, समारोप. नवा लेखक हेच आणतो, मीही हेच आणलं होतं. याला मी शाळेची अनुक्रमणिका म्हणतो. विषय पूर्ण व्हायला हवा या धाकाने ती केलेली असते.

मग मी विचारतो, हे कोण घेणार? त्या म्हणतात, ज्याला शिवण शिकायचंय तो. ठीक. पण त्या माणसाचं आज दुपारी नेमकं काय अडलंय? इथे त्या थोडा वेळ गप्प बसतात, आणि मग एकदम सुटतात. ‘अहो, दोरा तुटत असतो. टीप सुटते. खाली नुसता गुंता होतो. यंत्र जड चालतं. कापड पुढे सरकत नाही, तिथेच फिरतं.’ मी म्हणतो, थांबा, हेच लिहून घ्या. ही झाली अनुक्रमणिका. पुस्तकाचं नावही बदललं. ‘शिवणकला : परिचय आणि तंत्र’ गेलं आणि ‘शिवणयंत्र अडलं तर’ आलं. इतिहासाचं प्रकरण गेलं. त्यांना वाईट वाटलं, मलाही थोडं वाटलं, पण ज्याचं कापड यंत्रात अडकलंय तो इतिहास वाचायला थांबत नाही.

यातलं एकच प्रकरण जवळून पाहू. खाली गुंता होतो. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिनवर, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या फिरकीवर, संशय घेतात, कारण गोंधळ खाली दिसतो. पण चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची असते. वरचा दोरा ज्या दोन ताणाच्या चकत्यांमधून जातो, त्या चकत्या कापड दाबणारा फूट वर उचलला की उघडतात आणि खाली सोडला की मिटतात. फूट खाली असताना दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मधे न जाता वरूनच जातो. त्याला ताणच मिळत नाही आणि तो सैल पडून खाली ओढला जातो. बाईंनी पहिल्या खर्ड्यात हे सगळं याच क्रमाने लिहिलं होतं : आधी ताण म्हणजे काय, मग चकत्यांची रचना, मग कारण, आणि शेवटी उपाय. शिकवण्याच्या दृष्टीने बरोबर होतं. पण वाचक यंत्रासमोर बसलाय, एका हातात फोन आहे. त्याला पहिल्या तीन ओळींत हवं ते असं : फूट वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा, चिंधीवर टीप मारून बघा. जमलं? मग खाली कारण वाचा. नाही जमलं? मग बॉबिन काढा. हा क्रम उलटला आणि प्रकरण निम्म्याने लहान झालं.

आणि मथळा. त्यांनी दिला होता ‘ताणाचे संतुलन’. मथळा शुद्ध आहे, भारदस्तही आहे. पण छापील पुस्तक माणूस चाळतो, चाळताना चित्र दिसलं की थांबतो. ई-बुक चाळता येत नाही, किमान तसं सहज नाही. त्यात माणूस दोन वाटांनी येतो, अनुक्रमणिकेवर बोट ठेवून किंवा शब्द शोधून. तो ‘गुंता’ शोधणार. तुमच्या प्रकरणात ‘गुंता’ हा शब्दच नसेल तर तुमच्याकडे उत्तर असूनही त्याला ते मिळणार नाही. वाचकाच्या तोंडचा शब्द मथळ्यात आणि पहिल्या ओळीत आलाच पाहिजे. तुमचा विषय कुठलाही असो, कथासंग्रह तेवढा सोडून बोलतोय मी, हे लागू आहे.

पानं नाहीत म्हणून ‘मागील पानावर सांगितल्याप्रमाणे’ हेही गेलं. त्याऐवजी त्या प्रकरणाचं नाव घ्या आणि त्यालाच दुवा जोडा. शिवाय प्रत्येक प्रकरण स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं, कारण वाचक थेट सातव्यात उतरलेला असतो. दोन ओळींची पुनरुक्ती झाली तर होऊ द्या.

आता दारातल्या त्या दोघांच्या ‘किती पानांचं’ या प्रश्नाचं उत्तर देतो. पानांऐवजी शब्द मोजा. बारा प्रकरणं, प्रत्येकी दीड हजार शब्द, म्हणजे अठरा हजार. रोज तीनशे शब्द लिहिले तर साठ दिवस. अशा उपयोगी पुस्तकाला एवढं पुष्कळ झालं. तीनशे शब्द म्हणजे काही फार नाही, पण सलग साठ दिवस म्हणजे खूप आहे, त्याचा हिशेब आधी घरच्यांशी करा. सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करू नका. जे तुम्ही लोकांना तोंडी शंभरदा सांगितलंय ते आधी लिहा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, आणि ती आखूड. याला एक व्यवहारी कारणही आहे. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक वाचायच्या यंत्रावर किंवा ॲपवर, विकत घेण्याआधी वाचायला जो नमुना मिळतो तो साधारणपणे पुस्तकाचा सुरुवातीचा दहावा हिस्सा असतो. आपल्या अठरा हजारांत तो झाला अठराशे शब्दांचा. त्यात अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, मनोगत आणि कुणा मोठ्या माणसाचा अभिप्राय भरलात तर वाचकाने तुमचं पुस्तक पाहिलेलंच नसतं. आभार शेवटी मानले तरी पोचतात.

लिहिताना वर्ड वापरा, गूगल डॉक्स वापरा, काहीही चालेल, पण प्रकरणाचं नाव नुसतं ठळक आणि मोठं करू नका. त्याला ‘हेडिंग १’ ही शैली लावा. माणसाला ठळक अक्षर मथळा वाटतं, संगणकाला वाटत नाही. ही शैली लावलीत की अनुक्रमणिका आपोआप तयार होते, नाहीतर होत नाही. आणि मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे ज्यात मराठी अक्षर संगणकालाही मराठी म्हणूनच कळतं त्या पद्धतीत. जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत रोमन अक्षरांवर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असायचा. ई-बुकात फॉन्ट बदलला की मुखवटा गळून पडतो आणि खालची अगम्य रोमन अक्षरं दिसू लागतात. शंका असेल तर एक ओळ कॉपी करून फोनवरून मित्राला पाठवा. त्याला मराठी दिसलं तर निश्चिंत व्हा.

चित्रांबाबत बाईंची एक गंमत झाली. त्यांनी आकृतीत वरचा दोरा लाल आणि खालचा निळा दाखवला होता, आणि मजकुरात ‘लाल दोरा पाहा’. पुस्तकं वाचायच्या बऱ्याच यंत्रांचा पडदा काळा-पांढरा असतो. तिथे दोन्ही दोरे एकाच राखाडी रंगाचे दिसले. आता वरचा दोरा सलग रेघेने आणि खालचा तुटक रेघेने दाखवलाय. रुंद तक्तेही असेच घात करतात. सहा रकान्यांचा तक्ता फोनवर मावत नाही, तो मोडून साध्या ओळी करा. आणि अक्षरांना मुद्दाम काळा रंग देऊ नका, रात्री पडदा काळा करून वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही असं होऊ शकतं.

तपासणीसाठी मी एकच खात्रीची पद्धत मानतो. विषय न जाणणाऱ्या एका माणसाला फाइल द्या, त्याच्या स्वतःच्या फोनवर, आणि शेजारी बसा. त्याला एक प्रश्न द्या, ‘टीप सुटतेय, काय करशील?’ आणि मग तोंड उघडू नका. तो कुठे बोट ठेवतो, कुठे मागे जातो, कुठे कपाळाला आठी पडते, ते टिपा. जिथे ‘अरे, ते तिकडे आहे ना’ असं तुमच्या ओठांवर येईल, तिथे अनुक्रमणिका चुकली आहे. शुद्धलेखनासाठी फोनला मजकूर मोठ्याने वाचायला लावा. गाळलेला शब्द डोळा भरून काढतो, यंत्र काढत नाही. मात्र त्यासाठी पुस्तकाच्या माहितीत भाषा मराठी अशी नोंदवलेली असू द्या, नाहीतर यंत्र भलत्याच सुरात वाचतं.

मुखपृष्ठाबद्दल फार बोलत नाही. ते दुकानात पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं, तेवढ्यात नाव वाचता आलं पाहिजे. केडीपी म्हणजे ॲमेझॉनची लेखकाने स्वतःच पुस्तक प्रकाशित करायची सोय. तिला २५६० पिक्सेल उंच आणि १६०० पिक्सेल रुंद चित्र योग्य वाटतं. तिथे मराठी चालतं, ई-बुकाला आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक लागत नाही, आणि लेखकाला मिळणारं स्वामित्वधन ३५ किंवा ७० टक्के, ते किंमत, देश आणि इतर अटींवर ठरतं. ‘केडीपी सिलेक्ट’ या तिथल्या ऐच्छिक योजनेत पुस्तक घातलंत तर ९० दिवस तेच ई-बुक दुसरीकडे देता येत नाही. त्या योजनेच्या चौकोनात खूण करण्याआधी हे वाचा, बरेच जण नंतर वाचतात. आणि मजकूर किंवा चित्रं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार करून घेतली असतील तर तेही तिथे जाहीर करावं लागतं.

शेवटचा प्रश्न मागून आलाय, प्रकाशित झाल्यावर चूक सापडली तर? सापडेलच. फाइल दुरुस्त करून पुन्हा चढवा, नवे वाचक नवी प्रत घेतील. पण ज्यांनी आधी घेतलंय त्यांच्या यंत्रात ती आपोआप जाईलच असं नाही. म्हणून पहिल्याच पडद्यावर, हक्कांच्या ओळीखाली, ‘सुधारित’ असं लिहून महिना आणि वर्ष टाकायची सवय लावा. वाचकाचं पत्र आलं की आधी त्याला तेवढी ओळ वाचून दाखवायला सांगायचं. त्या बेचाळिसाव्या पानाच्या वाचकाला मी शेवटी ती आकृती फोटो काढून पाठवली होती, कारण त्याची प्रत कोणती हे मला सांगताच येईना.