उरलेलं अर्धं पाकीट

(जुळे सोलापुरातल्या मांजर पाळणाऱ्यांच्या एका मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४२ अंश ऊन, आणि तरी मांजराच्या जेवणावर बोलणं ऐकायला एवढी माणसं आलीत, म्हणजे घरोघरी त्रास सारखाच असणार. मघाशी दारातच एका काकांनी मला गाठलं आणि म्हणाले, "मॅडम, आमचं मांजर सकाळी जे चाटूनपुसून खातंय, तेच संध्याकाळी हुंगून पुढं जातंय की ओ. नखरे किती!" काकांच्या या एका वाक्यावरच मला आज बोलायचंय.

आधी एक सांगून टाकते. मी प्राण्यांची डॉक्टर नाही. तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. नमुना किती वेळ उघडा राहिला, कुठे ठेवला, झाकण लावलं का, यातच आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर घरात ठकी आली. आमच्या बोळात मांजराला तीन भाषांत हाक मारतात. आम्ही माऊ म्हणतो, पलीकडच्या तेलुगू घरात पिल्ली, समोरच्या कन्नड घरात बेक्कु. ठकी तिन्ही हाकांकडे सारखंच दुर्लक्ष करते.

तर काकांचं कोडं. सकाळी ओल्या खाण्याचा, म्हणजे वेट फूडचा, ८० ग्रॅमचा पाऊच फोडला, मांजरानं अर्धा खाल्ला. उरलेला आपण तसाच दुमडून, वर कपड्याचा चिमटा लावून फ्रिजमध्ये टाकला. संध्याकाळी काढला, वाटीत ओतला. गार, आळलेला, वर पांढुरकी चरबी धरलेली. मांजरानं हुंगलं, पंजानं वाटीभोवतीची फरशी खरवडली आणि निघून गेलं. आपला जीव वरखाली. लगेच नवा पाऊच फोडला, ते तिनं मिटक्या मारत खाल्लं, पण अर्धंच. आता फ्रिजमध्ये दोन अर्धे पाऊच झाले. मांजर खात नाही म्हणून उरतं आणि उरलेलं असतं म्हणून ती खात नाही, असं हे रहाटगाडगं आहे. वर तिला एक धडाही मिळतो: जरा थांबलं की नवीन फुटतं. हे आपणच शिकवलेलं असतं आणि नाव मात्र नखऱ्याचं.

मांजर जेवणाची पारख आधी नाकानं करते. तिला गोड चवच कळत नाही. फिलाडेल्फियातल्या मोनेल केंद्राच्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं की गोड चव ओळखायला लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरजातीत बिघडलेलं आहे. वाघ आणि चित्त्यांतही तेच. तेव्हा पेढ्याचा डबा चाटणारं मांजर पेढ्यातल्या तुपामागे असतं, साखरेमागे नव्हे. तिचा सगळा भरवसा मांस आणि चरबीच्या वासावर, आणि वास सुटतो उबेनं. नुकत्या मारलेल्या उंदराचं अंग ३७-३८ अंशांचं असतं. आपण देतो ४ अंशांचं. तुम्हाला कुणी फ्रिजमधून काढलेला तांबडा रस्सा तसाच गार वाढला, तर तुम्ही काय कराल?

ऊब द्यायची रीत अगदी घरगुती आहे. लागेल तेवढं खाणं लहान स्टीलच्या वाटीत घ्या, ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात पाचएक मिनिटं ठेवा, मग ढवळा. बोट लावलं की बाळाच्या दुधासारखं कोमट लागलं पाहिजे. पाणी सुटलेलं असेल तर चांगलंच. वाटल्यास चमचाभर कोमट पाणी आणखी घाला. मायक्रोवेव्ह वापरणाऱ्यांनी पाऊच तसाच आत ठेवू नये, त्यात ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, ठिणग्या उडतात. शिवाय मायक्रोवेव्हमध्ये खाणं कुठे चटका बसेल इतकं तापतं आणि कुठे गारच राहतं. एकदा जीभ पोळली की मांजर त्या वाटीकडे आठवडाभर संशयानं बघणार.

आता साठवण. इथे मी लॅबवाली होते, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, आपण 'उरलेलं' हा एकच शब्द दोन वेगळ्या वस्तूंना वापरतो. पाऊचमध्ये राहिलेलं वेगळं आणि ताटलीत राहिलेलं वेगळं. ताटलीतल्याला तिची जीभ लागलेली असते, लाळेतले जंतू त्यात गेलेले असतात. ते उष्टं परत डब्यात जाता कामा नये. आपण माणसांच्या स्वयंपाकात उष्ट्या-खरकट्याचं एवढं पाळतो, मांजराच्या बाबतीत मात्र "जाऊ दे, तिचंच आहे" म्हणतो. म्हणून पाऊच फोडल्याबरोबर, तिला वाढायच्या आधीच, उद्याचा वाटा बाजूला काढायचा.

काढायचा कशात? मी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या रुंद तोंडाच्या लहान काचेच्या बाटल्या वापरते. काठोकाठ भरायची, म्हणजे आत हवा कमी राहते, चरबीला खवट वास लागत नाही. डबाबंद खाणं असेल तर तेही पत्र्याच्या डब्यातून काढून बाटलीतच. प्लॅस्टिक वास धरून ठेवतं. आणि सोलापूरकरांनो, चटणीची रिकामी बाटली नको! शेंगाचटणीतला लसूण दहा वेळा घासूनही झाकणातून जात नाही. बाटलीवर चिकटपट्टी लावून पाऊच फोडल्याची तारीख आणि वेळ लिहायची. ठकीच्या बाटल्या बघून माझा मुलगा विचारतो, "आई, रिपोर्ट कधी मिळणार?"

फ्रिज ४ अंशांवर किंवा त्याखाली असेल तर मी दोन दिवस ठेवते, तिसऱ्या दिवशी टाकते. पाकिटावर याहून कमी मुदत छापलेली असेल तर तीच खरी. बाटली फ्रिजच्या दारात ठेवू नका, दार दिवसातून चाळीस वेळा उघडतं. मागच्या बाजूला, खालच्या फळीवर ठेवा.

बाहेर ठेवलेल्याचं गणित सोलापुरात वेगळं होतं. अन्न सुरक्षेचा सर्वसाधारण नियम असा, की ओलं अन्न बाहेर दोन तासांपर्यंत चालतं, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आता आपल्याकडे मार्च ते जून दुपारी पारा ३२ अंशांच्या खाली कधी असतो हो? पंख्याखालीसुद्धा नसतो. म्हणजे आपला उन्हाळ्यातला नियम एक तासाचाच. मी तर अर्ध्या तासानं ताटली उचलते. त्यात दुसरा फायदाही आहे, जेवणाची वेळ असते हे तिला कळतं. सारखं समोर पडलेलं, माश्या बसलेलं अन्न तिलाही नकोसं होतं. मुंग्यांसाठी आजीची युक्ती: परातीत पाणी घालायचं, मधे ताटली. ताटली मात्र दर वेळी धुवायची; त्यातलं पाणी जपायचं तर दोन उथळ स्टीलच्या ताटल्या ठेवा. आपल्या नळाला रोज पाणी येत नाही हे खरं, पण आळलेली ग्रेव्ही नुसती पुसून काढलेली ताटली मांजराला लगेच कळते.

हे मी चुकूनच शिकले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या भागातली वीज सकाळी गेली ती संध्याकाळी आली. फ्रिज बंद होता हे मला माहीत होतं, पण बाटली हाताला गार लागली म्हणून मी ठकीला खाऊ घातलं. वास ठीक होता. तिनं दोन घास खाल्ले आणि थांबली. मी वर लाडानं बोटावर घेऊन भरवलं. रात्री तीन उलट्या. त्या दिवशी नखरा तिचा नव्हता, मूर्खपणा माझा होता. तेव्हापासून वीज चार तासांहून जास्त गेली तर बाटली सरळ कचऱ्यात.

आता जरा नाजूक विषय. इथे बऱ्याच घरांत शाकाहार आहे. आमच्याही. सासूबाई होत्या तोवर फ्रिजमध्ये चिकनची बाटली ठेवणं म्हणजे महाभारत. शेवटी तह झाला: खालच्या फळीवर झाकणाचा एक डबा, त्यात बाटल्या, चमचा वेगळा, घासणी वेगळी. आणि पुढे गंमत अशी झाली की पाच वाजले की सासूबाईच हाक द्यायच्या, "अगं, तिची बाटली कोमट कर की!" ज्यांच्याकडे तहही होणार नाही, त्यांनी लहान पाऊच घ्यावेत आणि एका बैठकीत संपवावेत. ग्रॅमामागे महाग पडतात, पण टाकून देण्यापेक्षा स्वस्त.

भुकेचा हिशेबही पाहा. चार किलोच्या, घरात लोळणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी पुरतात. रात्रभर कोरड्या खाण्याच्या दाण्यांची वाटी भरलेली असली आणि तिनं त्यातले ३० ग्रॅम खाल्ले, तर निम्मी भूक तिथेच संपली. मग सकाळी वेट फूडला तोंड वळवलं तर दोष कुणाचा? मी दाणे बंद करा म्हणत नाही, मोजून द्या. ओल्या खाण्यात पाऊण हिश्शाहून जास्त पाणी असतं, दाण्यांत दहा टक्क्यांच्या आसपास. मांजर मुळात कोरड्या मुलखातल्या रानमांजराची वंशज, तहान कमी. आपल्या उन्हाळ्यात तिच्या पोटात पाणी जायचा सोपा मार्ग तोच आहे.

आणि औषध जेवणात कालवू नका. कडू लागलं की ती औषधावर नाही, त्या जेवणावरच राग धरते. ठकीनं एका गोळीपायी ट्यूना कायमचा सोडला.

मात्र नखरा आणि आजार यांतली रेघ ओळखा. कोमट केलेलं नाही, ताजं नाही, आवडते दाणेही नाहीत, असं काहीच न खाता पूर्ण दिवस गेला तर वाट न बघता डॉक्टरकडे जा. उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात दोन-तीन दिवसांतच चरबी साचायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. "भूक लागली की झक मारत खाईल" हा कुत्र्याचा नियम मांजराला लावू नये.

प्रश्न विचारा आता. हो, ताई?

घरी उकडलेलं चिकन चालेल का? चालेल, मीठ, कांदा, लसूण न घालता, पण वरखाऊ म्हणून. रोजचं जेवण तेवढंच नको. मांजराला टॉरिन नावाचा घटक अन्नातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये कळलं आणि हृदय फुगतं, हे १९८७ मध्ये. त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं. उकडताना टॉरिन पाण्यात उतरतं, तेव्हा निदान ते पाणी ओतून देऊ नका, त्याच्यासकट द्या.

डीप फ्रीझरमध्ये? ठेवता येतं. बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा घालून गोठवा, खडे पिशवीत भरा. लागेल तेवढे आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये उतरवा. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. पॅटे, म्हणजे मऊ लगद्यासारखं खाणं, गोठवलेलं बरं राहतं, ग्रेव्हीचं पाणी वेगळं होतं, ठकी ते खात नाही. तुमची खाईल कदाचित.

मागचे आजोबा काय म्हणतात? मांजर भाकरीवरची शेंगाचटणी चाटतं? आजोबा, त्यात लसूण आहे. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, रक्त कमी होतं. एकदा चाटलं तर घाबरू नका, पण रोजची सवय मोडा. तुम्ही जेवायला बसाल त्याच वेळी तिची ताटली शेजारच्या खोलीत कोमट करून ठेवा, आणि भाकरीचं ताट... हो, झाकून. मांजर आहे ते.